दुसरा चहा कोणासाठी?

दादानं त्या दुपारी पारूमावशीकडून दोन चहा घेतले. दुसरा कोणासाठी?

हे मी सगळ्यांना विचारून झालंय. पारूमावशीला, डॉक्टरला, पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला, वहिनीला. एकदा तर रिक्षात बसलेल्या अनोळखी पॅसेंजरलाही विचारलं, तो पुढच्या वळणावरच उतरला! हवालदार तेवढा म्हणाला, "अरे, त्यालाच दोन प्यावेसे वाटले असतील." पण दादाच्या हाताजवळचा ग्लास भरलेला होता. गार झालेला, वर साय धरलेली. रिकामा होता तो दुसरा.

तुम्ही म्हणाल, हा किस्से सांगायला बसला आणि रडगाणंच लावलं. तसं नाही हो. रिक्षा स्टँडवर किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत माणसाला कामं दोनच, तंबाखू मळायची आणि बोलायचं. आमच्याकडे तर इतके साचलेत की बाबूकाका एकच किस्सा दोन वेगळ्या माणसांच्या नावावर सांगतात आणि दोन्ही वेळा शपथ घेतात! पण दादा गेल्यापासून मी जवळ गेलो की सगळे एकदम सीएनजीच्या रांगेबद्दल बोलायला लागतात. म्हणून म्हटलं, मीच सांगून टाकतो.

माणसं थोडीच आहेत. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, दिनेश. आम्ही पोलादपूरकडचे, कापडे गावचे. घरचं भाताचं वावर चुलते बघतात, आम्ही दोघं महाडात खोली घेऊन रिक्षा चालवायचो, दादाची बायको, म्हणजे वहिनी, तिथंच. स्टँडवर सगळेच त्याला दादा म्हणायचे, खरा भाऊ मी एकटा. मला सगळे बारक्या म्हणतात. शाळा मी सातवीत सोडली. माझा आधी हात चालतो, मग डोकं. बाबूकाका आमच्यात सगळ्यांत जुने. पारूमावशीची चहाची टपरी. आणि मोरेमामा बागेचे माळी, तेच राखणदार.

बाग नदीकाठची, वीर स्टेशनवरून महाडला निघालं की लगेच लागते ती. आमचा स्टँड बागेच्या पुढ्यात. आणि बाग आणि नदी यांच्या मधोमध ते डबे. मालगाडीचे, गंजून तांबडे झालेले, सरकत्या दारांचे. एका कंपनीसाठी तिथे रूळ टाकला होता. कंपनी बंद पडली आणि डबे तिथेच राहिले.

*

बागेच्या उद्घाटनाला एक मोठे पाहुणे आले होते. मंडप, हारतुरे, माइक, सगळा थाट. पाहुणे भाषणात म्हणाले, "नदीच्या या रम्य सान्निध्यात..." आणि हात करून नदीकडे वळले. समोर डबेच डबे! या टोकापासून त्या टोकापर्यंत! त्यांचा हात तसाच हवेत राहिला. माइक चालू आहे हे विसरून त्यांनी शेजारच्याला विचारलं, "नदी कुठाय?"

दादा गर्दीतून ओरडला, "साहेब, वाका! डब्याखालून दिसते!"

आणि साहेब खरंच वाकले! ते वाकले म्हणून त्यांच्या मागचे सगळे वाकले. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तो फोटो पारूमावशीनं बरेच दिवस टपरीत लावला होता. बागेचं उद्घाटन, आणि एकाचंही तोंड दिसत नाही!

त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात एकच. डबे हलले पाहिजेत. रिक्षा उभी करून तो ऑफिसं फिरायचा. बंद कंपनीचा माणूस म्हणायचा, डबे मालवाहतूकवाल्यांचे. मालवाहतूकवाले म्हणायचे, डबे कंपनीचे. परत येऊन दादा डब्यांकडे बघत बसायचा.

"बारक्या, बेवारस मढं पडल्यासारखे पडलेत रे हे. कोणीतरी वाट लावायला पायजे."

*

संध्याकाळी ते डबे वाजायचे.

ऊन उतरलं की पहिल्या डब्यातून आवाज यायचा, टण. मग जरा वेळानं दुसऱ्यातून. मग तिसऱ्यातून. असं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कोणीतरी आतल्या आत चालत गेल्यासारखं. बागेत बसलेल्या बायका पोरांना उचलून घ्यायच्या आणि निघायच्या. शेवटचा डबा वाजेपर्यंत बाग रिकामी!

मोरेमामांना सवय झाली होती. ते झाडांना पाणी घालता घालता म्हणायचे, "हां, हां, ऐकलं रे. झालं माझं."

दादा हसायचा. "मामा, लोखंड हाय ते. दिवसभर तापतं, सांजचं गार होतं, म्हणून वाजतं."

मोरेमामांनी पाइप खाली ठेवला. "बरं. मग परवा दिवसभर धुवांधार पडत होता, ऊन डोळ्याला दिसलं नाय. तेव्हा काय तापलं होतं?"

 तेवढ्यात पहिला डबा वाजला.

"ऐकलं रे," मोरेमामा म्हणाले.

*

आमच्या स्टँडची एक पद्धत आहे. पुढच्या रिक्षात सगळे नीट बसले, सामान आत आलं, की मागच्या नंबरवाल्यानं खाली उतरून पुढच्याच्या मागच्या पत्र्यावर एक चापट द्यायची. म्हणजे, निघ. पुढच्यानं हात बाहेर काढून बाजूच्या पत्र्यावर दोन द्यायच्या. म्हणजे, ऐकलं, निघालो. दादा चापट देताना वर म्हणायचा, "सावकाश जा रे." त्याच्या बोटात तांब्याची अंगठी होती, त्यामुळे चापटीमागून बारीक टिंग असं वाजायचं. डोळे मिटूनही कळायचं, मागे दादा आहे.

एकदा मार्चमध्ये, चवदार तळ्यावर लोक येतात त्या दिवसांत, गर्दी अशी की कोणाला कोण दिसत नव्हतं. बाबूकाकांना घाई. चापटीची वाट न बघता त्यांनी रिक्षा काढली. आणि बऱ्याच वेळानं परत आले ते घामाघूम होऊन. मागच्या सीटवर नुसत्या दोन बॅगा! पॅसेंजर इथे पारूमावशीच्या टपरीवर बसून डोकं धरून रडायच्या बेतात!

"अरे, मला वाटलं मागं बसलेत," बाबूकाका म्हणाले. "रस्ताभर मी माझ्या पोरीच्या लग्नाचं सांगितलं. मधे विचारलं, तुमाला किती पोरं? उत्तर नाय. म्हटलं, दुखरी गोष्ट असेल, गप बसलो!"

स्टँड हसून हसून लोळला. दादा म्हणाला, "काका, लक्षात ठेवा. चापटीशिवाय गेलेला परत येतो."

ते वाक्य मग स्टँडचंच झालं. कोणी गॅस संपून परत आलं, कोणाचा टायर बसला, की लगेच सगळे विचारायचे, चापट घेतली होतीस का?

*

आता तो फोटोचा किस्सा.

महाडचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. फोटोग्राफरनं दोघांना डब्यांखालून वाकवून पलीकडे नेलं, नदीच्या काठावर. मुलीच्या केसांत गंज पडला, ती चिडली, मुलगा फुंकर मारत बसला. दादा नंबर सोडून मदतीला गेला. त्याला असल्या गोष्टी फार आवडायच्या. उजेड पाडायची ती चंदेरी चकती धरून तो फोटोग्राफरच्या शेजारी उभा राहिला. मीही गेलो होतो, चपला सांभाळायला.

नदीकडचे फोटो झाल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "आता उलटे फिरा. गंजकं बॅकग्राउंड सध्या फॅशनमध्ये आहे." मग डबे मागे घेऊन काढले.

पारूमावशीच्या टपरीवर बसून आम्ही सगळे ते फोटो कॅमेऱ्यात बघत होतो. मुलगी एकदम म्हणाली, "हे काका कोण आहेत?"

मागच्या डब्याच्या उघड्या दारात एक माणूस बसला होता. एक पाय खाली सोडलेला, एक पाय मुडपलेला. आमच्यासारखाच खाकी शर्ट. तोंड हललेलं, नीट कळत नव्हतं. आम्ही तिथे होतो तोवर त्या दारात कोणीच नव्हतं. मी स्वतः तिकडे बघून पानाची पिंक टाकली होती!

फोटोग्राफरनं मोठं करून दाखवलं. "बघा ना, दार एवढं रुंद, आणि हा अगदी कडेला बसलाय. शेजारी दुसऱ्याला जागा ठेवल्यासारखा."

 मग दादा म्हणाला, "बिचारा एकटा हाय रे. एकदा चहा पाजला पायजे त्याला."

आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

*

दादा गेला तो दिवस मी लांबवत नाही.

दुपारची सामसूम होती. दादाचा नंबर शेवटचा, त्याच्या मागे कोणीच नव्हतं. मी पॅसेंजर घेऊन महाडला गेलो होतो. दादा टपरीवर आला आणि म्हणाला, "मावशे, दोन दे." पारूमावशीला वाटलं, मोरेमामांसाठी नेतोय. मोरेमामा तेव्हा बागेच्या दुसऱ्या टोकाला झोपले होते. दादा दोन्ही ग्लास घेऊन डब्यांखालून वाकून पलीकडे गेला. एक थेंब सांडला नाही म्हणे.

बऱ्याच वेळानं ग्लास मागायला मावशी गेली. दादा डब्याच्या दारात बसला होता. एक पाय खाली, एक मुडपलेला. दाराच्या कडेला, शेजारी जागा सोडून. फोटोतला माणूस दाराच्या डाव्या बाजूला होता. दादा उजव्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तरणाताठा माणूस, विडीसुद्धा ओढत नव्हता. मी डॉक्टरांना विचारलं, "तो तिथं चढला कशाला? त्या डब्यात कधी पाय ठेवायचा नाय तो." डॉक्टर म्हणाले, "ते मला कसं माहीत असणार?"

बरोबर आहे. त्यांना कसं माहीत असणार!

*

दहावं त्याच नदीवर झालं. घाटावर जायची वाट डब्यांखालूनच, त्यामुळे गुरुजींपासून चुलत्यांपर्यंत सगळे वाकून गेले. मला ते उद्घाटन आठवलं आणि हसू आलं. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलंच नाही. बाबूकाकांनी मला धरून बसवलं.

पिंड ठेवले. कावळे आले, पण सगळे डब्यांच्या टपावर ओळीनं बसले. खाली एक उतरेना. ओरडतसुद्धा नव्हते.

मेलेल्याची इच्छा अडकली की कावळा शिवत नाही, मग एकेक जण पुढे होऊन कबूल करतो. चुलते म्हणाले, "दिनेश, वावरातला तुझा वाटा तुझ्या बायकोचा. कोणी हात लावणार नाय." कावळे गप. वहिनीचा भाऊ म्हणाला, "ताईचं मी बघीन, भावजी." गप. वहिनी हात जोडून म्हणाली, "मी रडत बसायची नाय. काम धरीन." तरी गप. बाबूकाका म्हणाले, "दादा, तुझा स्टँडवरचा नंबर कोणाला देणार नाय." एका कावळ्यानं मान वळवली, तेवढीच.

ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या आता."

माझं टाळकं सटकलं. मी उठलो आणि डब्यांकडे हात करून ओरडलो, "दादा, हे डबे मी हलवतो! हलवूनच दाखवतो!"

माझा हात खाली यायच्या आत एक कावळा उतरला. सरळ पिंडावर! घास घेतला आणि उडाला. झाडावर नाही गेला. डब्याच्या उघड्या दारातून आत गेला. त्याच डब्याच्या. तो बाहेर आलेला काही मी पाहिला नाही, आणि मी बराच वेळ बघत होतो.

वाकून परत येताना बाबूकाका हळूच म्हणाले, "बारक्या, इतकी वर्षं ज्यांचा मालक सापडला नाय, ते हलवायचं तू कावळ्याला कबूल केलंस. आता भोग!"

*

मी रिक्षा पुन्हा काढली त्या दिवशीचं.

मुंबईहून आलेल्या एक बाई बसल्या, बरोबर ढीगभर पिशव्या. माझ्या मागे बाबूकाकांचा नंबर. सगळं सामान आत आलं, मागून पत्र्यावर चापट पडली, मी हात काढून दोन दिल्या आणि निघालो. महाड येईपर्यंत काहीतरी वेगळं झाल्यासारखं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. चौकात ब्रेक लावला तेव्हा कळलं. चापटीमागून टिंग वाजलं होतं.

बाई उतरताना म्हणाल्या, "तुमच्याकडे माणसं किती चांगली आहेत हो! तो मागचा म्हणाला ना, सावकाश जा रे. मुंबईत कोण म्हणतंय!"

मी रिकामी रिक्षा पळवत परत आणली. बाबूकाका टपरीवर होते, समोर भजी.

"काका, तुमी मला चापट दिलीत?"

"मी? मी मघापासून इथंच हाय. तू न सांगताच निघालास. आमी म्हटलं, गेलं डोकं पोराचं!"

पारूमावशीनं मान हलवली. ते खरंच तिथेच होते.

मी तसाच खोलीवर गेलो. वहिनीला विचारलं, दादाची अंगठी कुठे आहे. तिनं देव्हाऱ्यातला करंडा उघडून दाखवला. "ही काय, इथंच हाय. का?"

मी करंडा मिटून परत ठेवला. ती भांड्यांकडे वळली. भांडी विसळता विसळता पाठमोरीच म्हणाली, "भावजी, सांजचं दार लावायला हात होत नाय माझा. यायचे असतील असं वाटतं. रोज वाटतं. त्यांना कोणीतरी नीट वाटेला लावा हो. असे मधेच अडकून नको राहायला."

रात्री ताटावर बसलो तेव्हा डोक्यात आलं. दादाच्या मागे त्या दिवशी नंबरच नव्हता. त्याला चापट कोणी दिली असणार?

*

मग मी जे केलं त्याला स्टँडवर अजून हसतात. हसू देत.

मी एक पत्रा आणला, पांढरा रंग मारला आणि वर लाल रंगानं लिहिलं : "हे डबे विकणे आहेत. चौकशी रिक्षा स्टँड. बारक्या."

बोर्ड लावायला मी डब्यात चढलो. त्याच डब्यात, कारण मला दुसऱ्यात चढायचं नव्हतं. वर उभं राहून नदीकडे तोंड केलं आणि तसाच राहिलो. तिथून नदी पूर्ण दिसते! या वळणापासून त्या वळणापर्यंत, पलीकडे पोलादपूरकडचे डोंगरसुद्धा. बागेतून कधी कोणाला दिसली नाही ती. मला वाटलं, चला, एवढंच असेल. दादा नदी बघायला बसला असेल, वारा खात. मला फार बरं वाटलं. मग खाली उतरताना दुसऱ्या चहाची आठवण झाली.

बोर्ड रस्त्याच्या बाजूला टांगला. आधी भंगारवाले आले. मग कुठून कशी बातमी गेली कोण जाणे, बंद कंपनीचा माणूस गाडी घेऊन हजर! "आमचे डबे विकणारा हा बारक्या कोण?" त्याचा चहा संपत नाही तोवर मालवाहतूकवाल्यांचा माणूस! "तुमचे कसे? आमचे!"

"आमचे!"

"आमचे!"

पारूमावशी गाळणी हातात धरून बघत होती. "इतकी वर्षं कुठं मेला होता रे दोघं?"

त्यांनी हवालदाराला बोलावलं. तोच, पंचनाम्याचा. त्यानं मला दरडावलं, "काय रे, डबे तुझे हायत का?"

म्हटलं, "नाय. पण कोणाचे ते या दोघांतल्या कोणीतरी लिहून द्यावं. मी आत्ता बोर्ड काढतो."

दोघांनी कागद ओढून घेतला. दोघांनीही लिहून दिलं, डबे आमचेच! हवालदारानं दोन्ही कागद खिशात घातले आणि म्हणाला, "छान. आता ज्याचे असतील त्यानं उचला, नाय तर दोघांना ठाण्यावर घेतो."

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बारक्या, त्या चहाचं मलाबी अजून कळलं नाय रे."

*

इंजिन सकाळी आलं.

नदीवर धुकं होतं. तरी सगळा गाव बागेत, मोरेमामांनी नारळ आणलेला, पोरं झाडांवर. वहिनीही आली होती, पारूमावशीच्या शेजारी उभी. इंजिनाबरोबरची माणसं चाकांना तेल घालत होती. त्यातला एक मला म्हणाला, "दारं तारेनं बांधून दे रे, वाटेत उघडतात." मी एकेक डब्यात वाकून बघत गेलो, दार सरकवलं, तार पिळली. सगळ्या डब्यांत पालापाचोळा, उंदरांची लेंडकं, चिमण्यांची घरटी. दादाचा डबा सगळ्यांत शेवटी होता. त्यात काहीच नव्हतं. कोणीतरी झाडून घेतल्यासारखा स्वच्छ. दोन्ही बाजूंची दारं मी लावली. तार दोनदा पिळली, पकडीनं.

शिट्टी झाली. डबे ताणले गेले आणि वाजले. टण. टण. टण. या टोकाकडून त्या टोकाकडे, रोज संध्याकाळी वाजायचे तसेच.

"ऐकलं रे," मोरेमामा म्हणाले आणि त्यांनी नारळ फोडला.

डबे सरकले आणि मागच्या टोकाला मोकळ्या झालेल्या जागेत नदी दिसली. मग अजून थोडी. लोक ओरडायचे बंद झाले. एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, एवढी मोठी हाय?" वहिनी नदीकडे बघत नव्हती. ती शेवटच्या डब्याकडे बघत होती.

आणि मला एकदम उमगलं. डबे निघालेत. सगळे बघतायत, टाळ्या वाजवतायत, आणि मागे कोणीच नाही. त्या दिवसासारखंच.

मी पळालो. गुलाबाची आळी तुडवत, मोरेमामांच्या शिव्या खात पळालो. रुळावर खडी होती, एक चप्पल तिथेच राहिली. शेवटचा डबा आता चालत्या माणसाएवढा वेग घेत होता. मी हात लांब केला आणि त्याच्या मागच्या पत्र्यावर, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, एक चापट दिली.

काही नाही. चाकांचा आवाज. मी पळत राहिलो.

मग आतून दोन चापट्या आल्या.

पहिली भारी होती, आणि तिच्यामागून बारीक टिंग वाजलं. दुसरी हलकी. दुसऱ्याच कोणाच्या हाताची. मागे वळून पाहिलं तर पारूमावशीनं तोंडावर पदर धरला होता, आणि वहिनीनं दोन्ही हात जोडले होते.

माझा दम संपला होता. मी थांबलो, गुडघ्यांवर हात टेकले, आणि डबा वळणाआड जायच्या आत ओरडलो,

"सावकाश जावा रे, दोघंबी!"